मिस्त्रीसमोर न दिसणारा बिघाड

रात्री नऊ-दहाच्या सुमारास नारायणगाव, ओतूर, मंचर या पट्ट्यातून भाजीपाल्याने भरलेल्या पिकअप गाड्या वाशीच्या बाजाराकडे निघतात. माल पहाटेच्या आत बाजार समितीत पोहोचला तर त्याला भाव मिळतो. उन्हे वर आल्यावर पोहोचला तर तोच माल पडेल त्या दराने द्यावा लागतो. या गाड्यांपैकी अनेक दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या असतात आणि त्यांतल्या काहींना एक विचित्र दुखणे जडलेले असते. तीस-चाळीस किलोमीटर गाडी सुरळीत धावते. मग एखाद्या चढावर ती झटके मारू लागते, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढत नाही आणि पाहता पाहता इंजिन बंद पडते. चालक सेल्फ मारतो. इंजिन दाद देत नाही. दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा सेल्फ मारला की काहीच घडले नाही अशा थाटात गाडी सुरू होते आणि थेट वाशीपर्यंत जाते.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली तर तेथे ती शहाण्यासारखी चालते. मिस्त्री दोन फेऱ्या मारून आणतो, कान देऊन ऐकतो आणि गाडीला काही झालेले नाही असे सांगतो. चालकाचे समाधान होत नाही. मग अंदाजाने सुटे भाग बदलण्याचे सत्र सुरू होते. आधी डिझेल फिल्टर, मग नोझल, शेवटी डिझेल पंपच खोलून कॅलिब्रेशनला पाठवला जातो. हजारो रुपये खर्च होतात, गाडीचे दोन-चार दिवसांचे भाडे बुडते, आठ-दहा दिवस सारे ठीक चालते आणि मग एका रात्री तोच प्रकार पुन्हा घडतो.

भाग बदलल्यानंतर काही दिवस बिघाड का नाहीसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. फिल्टर काढून बसवताना त्याच्याजवळची वायर हलते, सैल झालेला पाइपचा सांधा पुन्हा आवळला जातो, आत साचलेली हवा काढली जाते. बिघाड त्या वायरीत किंवा सांध्यात असेल तर तो तात्पुरता दबतो आणि श्रेय मात्र नव्या फिल्टरला मिळते. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाच्या बाबतीत दिशाभूल होते ती बहुतेक वेळा अशी. म्हणूनच असा बिघाड दुरुस्त करण्याआधी तो डोळ्यांना दिसेल अशा ठिकाणी आणावा लागतो. त्यासाठी लागणारी साधने महागडी नाहीत. लागतो तो थोडा संयम आणि, चालकांना हे कंटाळवाणे वाटेल, पण एक वही.

झीज आणि रुसवा

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा दाबली गेल्याने इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे इंजिन चालण्यासाठी गरज असते ती तीनच गोष्टींची : पुरेशी हवा, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी, योग्य प्रमाणात मिळणारे डिझेल. यातील दाब हा पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह यांच्या स्थितीवर अवलंबून असतो. झिजलेली रिंग दहा मिनिटे विश्रांती घेऊन बरी होत नाही. ती झिजली असेल तर गाडी सकाळी, दुपारी, रात्री अशी सदासर्वकाळ कमी ओढेल, धूर सोडेल आणि इंजिन ऑइल खाईल. चोंदलेल्या एअर फिल्टरचेही तसेच. तो सतत त्रास देतो, मधूनच नव्हे.

याचा अर्थ असा की जो बिघाड येतो आणि जातो, तो इंजिनाच्या पोटात सहसा नसतो. तो इंजिनाच्या बाहेर, डिझेल टाकीपासून पंपापर्यंत आणणाऱ्या मार्गात किंवा त्या डिझेलवर नियंत्रण ठेवणाऱ्या विजेच्या तारांमध्ये असतो. इंजिन खोलण्याचा सल्ला मिळालेल्या चालकाने एवढा एक मुद्दा लक्षात ठेवला तरी त्याचा मोठा खर्च वाचू शकतो.

जुन्या पिकअपमध्ये दोन पिढ्या आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. पहिल्या पिढीतील गाड्यांत संपूर्ण यांत्रिक डिझेल पंप असतो. बॉश कंपनीने अशा पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन १९२७ मध्ये सुरू केले आणि त्याचे मूळ तत्त्व पुढे कित्येक दशके तेच राहिले. दुसऱ्या पिढीत कॉमन रेल यंत्रणा आणि तिच्यावर देखरेख करणारा संगणक आला. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ही मानके देशभर लागू झाली, तसतशी यांत्रिक पंपांची गाडी नव्या विक्रीतून मागे पडत गेली. रस्त्यावर मात्र दोन्ही पिढ्या अजून एकमेकींच्या शेजारी धावत आहेत. दोघींची तपासणी सारखी नाही.

चालक हाच साक्षीदार

मिस्त्रीसमोर बिघाड दिसत नाही, कारण बिघाडाला लागणारी परिस्थिती गॅरेजमध्ये नसते. तेथे गाडीत माल नसतो, इंजिन दोन तास तापलेले नसते, चढ नसतो, बहुधा पाऊसही नसतो. ही परिस्थिती पाहिलेला माणूस एकच, तो म्हणजे चालक. त्यामुळे गाडी बंद पडेल तेव्हा त्याने काही गोष्टी तिथल्या तिथे लिहून ठेवाव्यात. इंजिन सुरू होऊन किती वेळ झाला होता? टाकीत डिझेल किती होते? रस्ता चढाचा, उताराचा की खड्ड्यांचा? पाऊस पडत होता का? आदल्या दिवशी डिझेल कोठे भरले? गाडी परत सुरू व्हायला किती वेळ लागला आणि त्या वेळात नेमके काय काय केले? तीन-चार नोंदी झाल्या की त्यांत एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली आढळते.

सर्वांत मोलाची नोंद असते ती इंजिन कसे बंद पडले याची. चावी फिरवून बंद करावे तसे एका क्षणात, झटका न देता बंद पडले असेल तर संशय विजेवर घ्यावा. आधी ताकद कमी झाली, मग झटके आले, मग आचके देत बंद पडले, असे असेल तर डिझेलचा पुरवठा तुटला असावा. खड्ड्यात आदळल्याबरोबर क्षणभर गेले आणि लगेच पूर्ववत झाले, तर सैल वायर. यात अपवाद आहेत, पण सुरुवात कोठून करायची हे यातून ठरते.

दुसरी खूण धुराची. सेल्फ मारताना कोणीतरी मागे उभे राहून सायलेन्सरकडे पाहावे. इंजिन फिरत आहे, सुरू होत नाही आणि सायलेन्सरमधून धुराचा अंशही येत नाही, याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल पोहोचत आहे, मात्र पेटत नाही. त्या स्थितीत डिझेलची वाट तपासण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

केबिनमधला छोटा बल्ब

यांत्रिक पंपाच्या अनेक गाड्यांमध्ये, विशेषतः रोटरी पंप असलेल्या गाड्यांमध्ये, इंजिन चालू ठेवण्यासाठी विजेची एकच वायर लागते. ती पंपावरील सोलेनॉइडला जाते. चावी ऑन केली की सोलेनॉइड टक् असा आवाज करून डिझेलची वाट उघडतो. चावी बंद केली की वाट बंद होते. ही वायर फ्यूज, चावीचा स्विच, काही गाड्यांत रिले आणि दोन-तीन जोड यांतून येते. यातील एकही जोड क्षणभर तुटला तरी सोलेनॉइड बंद होतो आणि चालकाने चावी बंद केल्याप्रमाणेच इंजिन थांबते. पंपात, नोझलमध्ये, इंजिनात काहीही दोष नसतो.

हे ओळखण्याची युक्ती जुने वायरमन जाणतात. डॅशबोर्डमध्ये असतो तसा १२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्यावा, त्याची एक वायर लहान फ्यूज मध्ये घालून सोलेनॉइडच्या टोकाला जोडावी, दुसरी वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावी आणि बल्ब केबिनमध्ये चालकाला दिसेल असा ठेवावा. वायर सायलेन्सरला किंवा पंख्याला लागणार नाही, याची काळजी घ्यावी. नंतर गाडी नेहमीच्या कामावर पाठवावी. इंजिनाने दगा दिला त्या क्षणी बल्बही लुकलुकला किंवा विझला, तर दोष सोलेनॉइडपर्यंत वीज आणणाऱ्या मार्गात आहे. बल्ब स्थिर तेवत राहिला आणि तरीही इंजिन बंद पडले, तर एक तर डिझेल आले नाही किंवा सोलेनॉइडचे स्वतःचे वेटोळे तापून निकामी होत आहे. काही रुपयांच्या बल्बने अर्धे क्षेत्र तपासातून बाद होते. पंप खोलण्याचा निर्णय घेण्याआधी ही कसोटी लावली गेली पाहिजे. प्रत्यक्षात ती फारच थोड्या ठिकाणी लावली जाते.

बल्ब विझत असेल तर चावीचा स्विच आधी पाहावा. घराची, गोदामाची, मोटारसायकलची अशा सगळ्या चाव्यांचा जुडगा पिकअपच्या चावीला लटकवण्याची सवय अनेकांना असते. त्या वजनाने आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी स्विचमधील संपर्क झिजतात. गाडी उभी असताना, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक लावलेला ठेवून, चालू इंजिनात चावी हलकेच हलवून पाहिली तर दोष लगेच उघड होतो. त्यानंतर फ्यूजची बैठक. फ्यूज शाबूत असतो, पण त्याला धरणाऱ्या पट्ट्या सैल किंवा हिरवट झालेल्या असतात. मग इंजिन आणि चॅसिस यांच्यामधील अर्थिंगची पट्टी. ती तपासण्यासाठी मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारावा. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंग खराब आहे असे समजावे. चालू इंजिनात बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. त्याहून बरेच कमी असतील तर अल्टरनेटरकडे वळावे.

न गळणारी गळती

विजेचा संशय फिटला की राहते ती डिझेलची वाट. येथे बहुतेक चालकांचा आणि काही मिस्त्रींचाही एक समज आड येतो. पाइप फुटला असता तर डिझेल गळाले असते, खाली डाग दिसला असता, असे त्यांचे म्हणणे असते. फीड पंपाच्या पुढच्या भागाला हे लागू आहे, कारण तेथे डिझेल दाबाखाली असते. परंतु टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. तेथे सांधा सैल असेल, रबरी पाइपला बारीक चीर असेल किंवा तांब्याची वॉशर दबून गेली असेल तर डिझेल बाहेर येत नाही. बाहेरची हवा आत शिरते. सांधा कोरडा ठणठणीत दिसतो. गॅरेजच्या भाषेत गाडीने एअर घेतली असे म्हणतात ते हेच. डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे पंपात हवेचा बुडबुडा शिरला की पंपाची सारी ताकद तो बुडबुडा दाबण्यात जाते आणि नोझलमधून फवारा निघत नाही.

एअर घेणाऱ्या गाडीची लक्षणे टाकीतील पातळीशी जोडलेली असतात. टाकी भरलेली असताना ओढण्याची उंची कमी असते, गाडी छान चालते. पातळी पाव टाकीवर आली की फीड पंपाला जास्त ओढावे लागते आणि हवा शिरू लागते. त्यातच चढ लागला, माल भरलेला असला, इंजिनाची मागणी वाढली की झटके सुरू होतात. रात्रभर गाडी उभी राहिली की पाइपमधील डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते आणि सकाळी पहिला सेल्फ लांबतो. वहीत टाकी कमी असताना त्रास, सकाळी पहिला सेल्फ लांब अशा दोन नोंदी एकत्र आल्या तर पुढचा शोध फारसा अवघड राहत नाही.

हवा डोळ्यांनी पाहता येते. फीड पंपाच्या आधी रबरी पाइपऐवजी डिझेलला टिकणारा पारदर्शक पाइपचा एक तुकडा बसवावा. सुरू केल्यावर थोडा वेळ बुडबुडे दिसणे स्वाभाविक आहे, कारण पाइप बसवताना हवा आत गेलेली असते. मात्र इंजिन पाच-दहा मिनिटे चालल्यावरही बुडबुड्यांची माळ सुरूच राहिली तर हवा मागून, टाकीच्या बाजूने येत आहे. त्यानंतरची कसोटी निर्णायक असते. टाकीचा पाइप तात्पुरता बाजूला करून फीड पंपाला स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून पुरवठा द्यायचा आणि परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडायचा. कॅन सायलेन्सरपासून दूर आणि पक्का बांधलेला असावा. हे काम मिस्त्रीने करावे, चालकाने रस्त्याच्या कडेला नव्हे. कॅनवर गाडी निर्वेध चालली तर पंप निर्दोष ठरतो आणि दोष टाकी व फीड पंप यांच्यामध्ये सापडतो. कॅनवरही तीच रड असेल तरच पंपाकडे बोट दाखवावे.

या मार्गातले रबरी पाइप वयाने फसवे होतात. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पाइपचा आतला थर सुटून त्याचा पापुद्रा लोंबू लागतो. ओढ वाढली की तो पापुद्रा वाट अडवतो, ओढ कमी झाली की बाजूला होतो. फुंकर मारून पाहिली तर पाइप मोकळा वाटतो. दहा वर्षे झालेल्या गाडीत हे पाइप सरसकट बदलणे हा अंदाजाने केलेला खर्च मानू नये. तो स्वस्त आहे आणि कधी ना कधी करावाच लागणार असतो. चॅसिसला लागून जाणारा लोखंडी पाइप क्लिपच्या खाली गंजलेला असतो, तोही त्याच वेळी पाहून घ्यावा.

टाकीतले पान

गाडी आचके देत बंद पडते, दहा मिनिटांनी सुरू होते, पुन्हा पंधरा-वीस किलोमीटरवर बंद पडते, आणि पारदर्शक पाइपमध्ये एकही बुडबुडा नाही, अशी अवस्था असेल तर टाकी उतरवावी. टाकीच्या तळाशी ओढणीच्या नळीला जाळी असते. टाकीत वाऱ्याने उडून गेलेले पान, कॅनच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा तुकडा, फडक्याचा चिंधा असे काही पडलेले असेल तर ते डिझेलच्या ओघाबरोबर जाळीला जाऊन चिकटते. पुरवठा थांबतो, इंजिन बंद पडते. ओढ थांबली की चिंधा सुटून तळाशी जातो. चालकाच्या लेखी गाडी थंड झाली म्हणून सुरू झाली. खरे कारण थंड होणे नसून थांबणे असते. अशा गाडीचा रेडिएटर, थर्मोस्टॅट सारे बदलून झालेले असते.

याच लक्षणांचे दुसरे कारण टाकीच्या झाकणात असते. डिझेल कमी होईल तशी त्याची जागा घ्यायला हवा टाकीत आली पाहिजे. त्यासाठी झाकणात किंवा टाकीवर बारीक वाट असते. ती चिखलाने बुजली किंवा मूळ झाकण हरवून त्याजागी कोणतेही झाकण, नाही तर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली, की टाकीत पोकळी वाढत जाते आणि तास-दीड तासाने फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. फुस्स असा आवाज करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर निदान झाले. याहून स्वस्त दुरुस्ती जुन्या पिकअपमध्ये दुसरी नसेल.

पाण्याचा प्रश्न पावसाळ्यात उद्भवतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. गाडी चढावर कलली की ते ओढणीच्या नळीपाशी येते. फिल्टरखालचा पाणी काढण्याचा स्क्रू सैल करून निघालेले डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी धुवावी लागेल.

तापल्यावर न सुरू होणारी गाडी

एक तक्रार मात्र खरोखर उष्णतेशी निगडित असते. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते, दिवसभर चालते, पण चहासाठी थांबून तापलेल्या इंजिनावर सेल्फ मारला तर सुरू होत नाही. याचे एक कारण पंपाची अंतर्गत झीज. तापलेले डिझेल पातळ होते, झिजलेल्या फटींतून आतल्या आत निसटते आणि सेल्फच्या मंद गतीत नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. इंजिन बंद असताना पंपावर ओले फडके ठेवून काही मिनिटांनी सेल्फ मारावा. त्याने गाडी सुरू होऊ लागली तर पंपाचे काम निघाले आहे, हे मान्य करावे लागेल. चालू किंवा तापलेल्या पंपावर बादलीने पाणी ओतण्याचा प्रकार मात्र धोकादायक आहे. आतले भाग अचानक आकसून पंप जाम होऊ शकतो. त्याआधी सेल्फ पुरेशा वेगाने फिरतो का हेही पाहावे. तापल्यावर आळसावणारा सेल्फ किंवा अशक्त बॅटरी अगदी हीच लक्षणे दाखवते.

कॉमन रेल गाड्यांमध्ये उष्णतेचा हा खेळ सेन्सरमध्ये घडतो. क्रँकची गती आणि स्थिती सांगणारा सेन्सर इंजिनाला चिकटून असतो. त्याच्या आतील तारेचा जोड तापल्यावर सुटतो, संगणकाला इंजिन फिरत आहे की नाही हे कळत नाही आणि तो डिझेल बंद करतो. थंड झाल्यावर जोड पुन्हा जुळतो. इंजिन बंद पडण्याच्या क्षणी, गाडी गिअरमध्ये धावत असताना, आरपीएमचा काटा एकदम शून्यावर कोसळला तर संशय याच सेन्सरवर घ्यावा.

अशा गाड्यांना स्कॅनर लावला की कोड मिळतो आणि पुष्कळ ठिकाणी तपास तेथेच संपतो. कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव आले तो बदलला जातो. वास्तविक कोड हा सुट्या भागाचा निवाडा नसून एखाद्या परिपथात काही गडबड झाल्याची नोंद असते. ती गडबड सेन्सरमध्ये असू शकते, तशीच उंदराने कुरतडलेल्या वायरीत किंवा पाणी शिरलेल्या कनेक्टरमध्येही असू शकते. रेलमधील दाब कमी असल्याचा कोड तर चोंदलेल्या फिल्टरनेही येतो आणि एअर घेतल्यानेही. म्हणजे कॉमन रेलची गाडीही शेवटी टाकी आणि पाइप यांपाशीच येऊन थांबते. स्कॅनर जोडून गाडी चालवत नेऊन, संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब यांतील फरक चढावर पाहणे हा खरा उपयोग. कोड पुसण्यापूर्वी त्याच्याबरोबर साठवलेली परिस्थितीची नोंद वाचून घेण्याचा आग्रह गाडीमालकाने धरावा. ती चालकाच्या वहीसारखीच असते, फक्त यंत्राने लिहिलेली.

एक इशारा येथे आवश्यक आहे. यांत्रिक पंपाच्या इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनात नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून सैल करण्याची पद्धत आहे. त्यातही हात आणि चेहरा दूर ठेवावा लागतो. कॉमन रेलच्या इंजिनावर हा प्रयोग कदापि करू नये. तेथील दाब हजार बारच्याही वर जातो आणि सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसली तरी ती तातडीने शस्त्रक्रिया करावी लागणारी जखम असते. तसेच वर सांगितलेला बल्बही संगणकाच्या किंवा सेन्सरच्या वायरींना जोडू नये.

उतारावर इंजिन गेले तर

बाजाराची वेळ चुकणे हे आर्थिक नुकसान झाले. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या भरलेल्या गाडीचे इंजिन मध्येच बंद पडणे हा त्याहून गंभीर प्रकार आहे. ब्रेकला साहाय्य करणारी पोकळी निर्माण करणारा व्हॅक्यूम पंप डिझेल गाडीत इंजिनावर चालतो; अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. गाडी न्यूट्रलमध्ये घातलेली असेल तर बंद पडलेले इंजिन फिरायचे थांबते आणि पंपही थांबतो. साठलेल्या पोकळीवर ब्रेक दोन-तीन वेळा नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल दगडासारखे कडक होते. घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा मारणारा चालक ती शिल्लक काही सेकंदांत संपवतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. म्हणून इंजिन गेले असे वाटताच क्लच दाबू नये. गाडी गिअरमध्येच ठेवली तर चाके इंजिनाला फिरवत राहतात, व्हॅक्यूम पंप चालू राहतो आणि वेगालाही लगाम बसतो. ब्रेक एकदाच, सलग आणि जोराने दाबावा. चावी काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होण्याची भीती असते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना अशा गाडीत कोणतीच संधी उरत नाही. आणि ज्या गाडीचे दुखणे सापडलेले नाही, ती भरलेल्या मालासह घाटात पाठवणे हा धंद्याचा हिशेब म्हणूनही चुकीचा आहे.

दुरुस्ती झाल्यावर बिघाड खरोखर गेला का, हा प्रश्न उरतोच. गॅरेजभोवती मारलेल्या दोन फेऱ्या त्याचे उत्तर देत नाहीत. ज्या परिस्थितीत गाडी बंद पडत होती ती मुद्दाम पुन्हा निर्माण करावी लागते : पाव टाकी डिझेल, तापलेले इंजिन, तेवढाच माल, तोच चढ, पण दिवसाउजेडी आणि घाट टाळून. एका वेळी एकच भाग बदलावा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळते. काढलेला जुना भाग मागून घ्यावा आणि तो निर्दोष ठरला तर जपून ठेवावा. पारदर्शक पाइप मात्र दुरुस्तीची खात्री होताच काढून त्याजागी चांगल्या दर्जाचा रबरी पाइप बसवून घ्यावा, कारण इंजिनाच्या उष्णतेने तो कडक होऊन तडकतो आणि हवा आत घेऊ लागतो. केबिनमधील बल्ब आणखी पंधरा दिवस राहू द्यायला हरकत नाही.